घशातला ख

नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनमध्ये माझ्या बसथांब्यावर रोज सकाळी एक स्कॉटिश आजी कुत्रा घेऊन येतात. नाव मी कधी विचारलं नाही. आभाळाकडे बघून त्या ‘ड्रीख’ म्हणतात. ओल्या, करड्या, कंटाळवाण्या हवेला त्यांच्या स्कॉट्स भाषेत हा शब्द आहे. मी एकदा ‘ड्रीक’ म्हटलं, तर आजींनी छत्रीची मूठ माझ्या बाहीत अडकवली. शेवटचा ख घशातून खरवडून निघेपर्यंत सोडलं नाही, माझी बस गेली तरी.

कुत्रा भुंकला की त्या ‘व्हीश्ट!’ म्हणतात, म्हणजे गप्प. तो लगेच गप्प बसतो.

"स्कॉटलंडहून आणलात वाटतं?" मी विचारलं.

"छे! इथल्याच गोठ्यात जन्मलाय. लहानपणी शाळेत इंग्रजीच बोलायचं, या शब्दांसाठी मार खाल्लाय मी. तरी बोलत राहिले, म्हणून याला कळतं."

माझी मुलगीही इथेच जन्मलेली. इंग्रजी शाळेत जाते. मराठी कळतं, पण उत्तर इंग्रजीत देते, आणि घाईत मीही इंग्रजीवर येते. त्या संध्याकाळी जेवायला काय आहे, हे तिने इंग्रजीत विचारलं.

"मराठीत विचार," मी म्हटलं.

तिने तोंड वाकडं केलं. पिठलं गार झालं तरी चालेल, असं ठरवून मी कढईच्या झाकणावर हात ठेवून उभी राहिले.