ओब्दुलियाने चुना दिला नाही

ओब्दुलिया एकदा नाही म्हणाली की नाहीच. आख्ख्या खोऱ्यात तिच्या तोडीचं एक माणूस दाखवा!

सान सिप्रियानो या संताच्या जत्रेआधी बाल्देसेब्रो गावच्या बायका चर्चला आतून चुना देतात. प्रत्येक घराचा भिंतीत वाटा ठरलेला, आईकडून लेकीकडे आलेला. दुसऱ्याच्या वाट्याला कुंचला लावायचा नाही. आणि ज्या घराचा वाटा चुन्याविना राहिला ते घर बुडालं, असंच गाव धरतं.

ओब्दुलियाच्या घराकडे कोपऱ्यातला खांब होता. चुन्यावर चुना चढून त्याचा माथा मळलेल्या कणकेसारखा झालेला. यंदा ती शिडीवर चढली, कुंचला फिरवला, तर एक पापुद्रा निखळला आणि आत नाक दिसलं. दगडाचं, चांगलं धारदार!

तिने कुंचला बादलीत टाकला, घरून लाकडी चमचा आणि ओलं फडकं आणलं, आणि पुन्हा शिडीवर चढून चमच्याच्या दांड्याने खरवडायला लागली.

तिचा थोरला भाऊ लिबोरियो धावत आला. "छिन्नी देतो, लगेच मोकळं होईल."

"लोखंड लावायचं नाही, दादा. याचं नाक गेलं तर तुझंही जागेवर राहणार नाही."

समोरच्या खांबाला चुना देणारी कासिल्दाकाकू खिदळली. "उद्या जत्रा, आणि तुमचा खांब उघडा! लिबोरियो, घर बुडालं रे तुझं. मेणबत्ती लावू का?"

लिबोरियोचं तोंड उतरलं. "ओब्दु, आईचं नाव घालवू नकोस गं. दोन हात मार चुन्याचे."

ओब्दुलियाने बादलीतल्या कुंचल्याकडे पाहिलं. आईने हा खांब कधी चुकवला नव्हता. पण बोटाखाली आता दगडाचा गालही लागत होता. एक हात मारला की तो परत गाडला जाणार.

"आईने याच्या तोंडावर चुना फासला, आजीनेही फासला," ती म्हणाली. "आता घेऊ दे त्याला श्वास. घर बुडालं म्हणणाऱ्यांना रात्री जेवायला बोलाव. चूल पेटलेली दिसेल."

आणि खरवडतच राहिली. खांदे भरून आले, डोळ्यांत चुना गेला, तरी खाली उतरली नाही. ऊन कलताना पूर्ण चेहरा बाहेर आला. दोन्ही हातांनी तोंड फाकवून, हातभर जीभ काढून, सगळ्या चर्चला वेडावणारा माणूस!

बायका गोळा झाल्या. कोणी छातीवर क्रूस काढला, कोणी तोंडाला डोक्यावरचा रुमाल लावून हसलं.

"म्हणूनच झाकलं होतं मेल्याला!" कासिल्दाकाकू ओरडली. "चुना दे, पोरी. उद्या पाद्रीबाबा काय म्हणतील?"

"म्हणू देत. वाटा आमचा आहे. याला कुंचला लागणार नाही. दरवर्षी पुसून घेईन, तोच आमचा चुना."

लिबोरियोने वर पाहिलं. मग तिची चुन्याची बादली उचलून सरळ दाराबाहेर ठेवून आला.

कासिल्दाकाकू आपल्या खांबाकडे वळली. कुंचला हातातच. त्याच्या दांड्याने माथ्यावरच्या गोळ्याला टोकरलं.

"तुमच्याकडे हा बेशरम निघाला," ती म्हणाली, "तर आमच्याकडे नक्की देवदूत असणार. शिडी सरकव इकडे."

"थांब, काकू," ओब्दुलिया वरूनच म्हणाली. "माझ्या खांबाची मागची बाजू राहिलीय अजून."