ओल्या बारदानावरचं सोयाबीन

दिवाळीच्या आधी आमची बुढी, माझी बायको, गेली. त्यानंतर घरात काय झालं, काय नाही, ते मला नीट सांगता येत नाही. ताट पुढं आलं की जेवायचो, नाही आलं तर ओट्यावर तसाच बसून राहायचो.

नात पिपरी मेघेला राहते, कॉलेजात विज्ञान शिकते. उन्हाळ्यात दर रविवारी सकाळी ती गाडीवर गावात यायची आणि आमच्या अंगणातल्या निंबाखाली शिकवायला शाळेतली पोरं जमवायची. मी चौथीत शाळा सोडली. कोणाकडून शिकून घ्यायची गरज मला पडली नाही. तरी तिला नको म्हटलं नाही. हो म्हणायलाही तोंड उघडलं नाही.

एका रविवारी तिनं पोरांना बियाण्याची उगवण पाहायला लावली. आमच्या घरच्या सोयाबीनचे दाणे ओल्या बारदानावर ओळीनं मांडले, बारदान गुंडाळून सावलीत ठेवलं. पुढच्या रविवारी सोडलं, तर निम्म्याहून जास्त दाणे नुसते फुगून बुळबुळीत झालेले. पोरं माझ्याकडं पाहून गप्प.

"दिसते ते सांगा नं," नात म्हणाली. "भेता काऊन?"

सातवीतली एक पोरगी उठली. तिचा बाप माझं वावर बटईनं, अर्ध्या वाट्यानं, करतो.

"आबाजी, तुमचं बियाणं खराब आहे. पेरू नका."

गावातले लोक माझं बियाणं मागून नेत आलेले. आमच्याकडं कोणाचं बियाणं तोंडावर खराब म्हणणं म्हणजे त्याच्या घरालाच नाव ठेवणं. आधी असतं तर मी पोरं हाकलून दिली असती. त्या दिवशी रागच आला नाही. दाण्यांकडं पाहत बसलो.

संध्याकाळी तिचा बाप तिला दंडाला धरून घेऊन आला.

"माफी माग आबाजीची! मोठी शायनी झाली, जी. बुजुर्ग मानसाच्या बियाण्याले खराब म्हनते! आता रविवारी येनार नाई हे. घरीच राहीन."

पोरगी रडली नाही. "पन बाबा, ते उगवलंच नाई."

"चूप!"

तो माझ्या तोंडाकडं पाहत होता. मी होकाराची मान हलवली असती तर तिचं निंबाखाली येणं संपलं असतं.

बुढी बियाण्याचं पोतं कोणाला आपटू देत नसे. दोघांनी धरून अलगद उतरवायचं, फळीवर आडवं ठेवायचं, एकावर एक नाही. सोयाबीनची साल पातळ, आपटली की दाणा उगवत नाही. या साली तिच्या तेरवीच्या गडबडीत मजुरांनी ट्रॅक्टरवरून पोती फेकली आणि भिंतीशी थप्पी मारली. मी तिथंच उभा होतो. सगळं दिसत होतं. काही बोललो नाही.

"पोरगी खरं बोलली," मी म्हटलं. "पोते आपटले होते, त्यानं बियाणं गेलं. मी पेरत नाई ते."

"आबाजी, तुमचं बियाणं? गाव हासन नं जी!"

"हासू दे. रविवारी पाठवजो तिले. नाई पाठवलं तं मी येतो न्याले."

तो तिला घेऊन गेला.

रविवारी ती आली. हातात त्यांच्या घरच्या सोयाबीनच्या दोन पुरचुंड्या.

"आबाजी, आपटल्यानंच गेलं, हे कशावरून?"

"मले मालूम आहे."

"पन पाह्यलं का तुमी? एक आपटू, एक तशीच ठेवू. मग दोन्ही बारदानावर लावू."

नात हसायला लागली. मला हसू आलं नाही. पोरीच्या हातात तेवढा जोर नव्हता, म्हणून तिनं एक पुरचुंडी माझ्या हाती दिली. मी ओट्यावर उभा राहून खाली फरशीवर टाकली.

"एवढ्यानं काय होते? पोतं किती जड राह्यते! आनखी टाका."

मी खाली उतरलो, वाकून पुरचुंडी उचलली, वर चढून पुन्हा टाकली. ती टक लावून पाहत होती, आणि पुरे म्हणत नव्हती.