एक शेगडी आणि वाटेवरचे पाहुणे

समस्त पै-पाहुण्यांस, आणि विशेषतः माझ्या सासरच्या मंडळींस, अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की बेळगावच्या वडगावातली एक पन्नाशी ओलांडलेली बाई, घरात धडधाकट स्वयंपाकघर असताना, रानात बसून पिठलं करून खाते आणि तिला त्याची जराही लाज वाटत नाही. ती बाई मीच.

गोष्ट आमच्या जुन्या व्हॅनची. आमचा धंदा मागाचा. या गाडीतून नवरा वर्षानुवर्षं निपाणीपर्यंतच्या दुकानांत साड्या पोचवायचा. आता साड्या पार्सलनं जातात आणि गाडी दारात उभी राहते. साड्यांच्या गठ्ठ्यांच्या जागी मी फळ्यांचा पलंग ठोकून घेतला, विणताना दोष राहिलेल्या साड्यांचे पडदे केले आणि जाहीर केलं, की आता आपण फिरणार. त्याच आठवड्यात मोठ्या दिरांनी गाडीला गिऱ्हाईक आणलं. गाडी त्यांच्या नावावर.

दीर माझ्याशी थेट बोलत नाहीत. आमच्याकडे रीतच तशी. मी समोर उभी असले तरी नवऱ्याकडे बघून बोलतात.

"सांग तिला. तीन दिवस ऱ्हावून दाखीव म्हणावं त्या खोक्यात. हॉटेलात जेवायचं न्हाय, पाव्हण्यांच्यातला एक घास खायाचा न्हाय. रविवारचं दुपारचं जेवण झालं की गाडी तुमची. मधी कुठं हरलासा तर सोमवारी गिऱ्हाईक घिऊन जातंय."

"सांगा त्यांना," मीही नवऱ्याकडेच बघत म्हटलं, "शुक्रवारी पहाटे निघतोय."

नवरा मधल्या मध्ये दोन्हीकडे मान हलवत राहिला.

हॉटेलची अट फुसकी होती. खरी मेख पाहुण्यांची. बेळगावपासून निपाणीपर्यंत असं गाव सापडायचं नाही, जिथं आमच्यातली कुणी दिलेली नाही किंवा जिथून कुणी आणलेली नाही. आणि दारावरून गेलेला पाहुणा न जेवता गेला तर ते घर वर्षभर रुसतं. उचगावात नणंदेचं घर अगदी रस्त्यावर. तिथून जाताना मी नवऱ्याला मफलर गुंडाळायला लावला आणि स्वतः पलंगावर आडवी झाले. ऐन उन्हाळ्यात मफलर! नणंदेच्या सासऱ्यांनी ओट्यावरून गाडीला हात केला. नवऱ्यानं घाबरून गाडी दामटली.

पहिला मुक्काम बेळगुंदीच्या पुढं, शेतकऱ्याला विचारून, त्याच्या आंब्याखाली. शेगडी पेटवली तर वाऱ्यानं ज्योत आडवी. भात शिजेना, गॅस मात्र संपत चालला. गाडीच्या आत शेगडी पेटवायची नाही हे मी आधीच ठरवलेलं. बंद जागेत जिवावर बेततं. मग तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा कापून तीन बाजूंनी आडोसा केला. कुणी व्हॅनमधून निघणार असेल तर हा पत्रा घरूनच कापून न्यावा. माझं बोट कापलं.

भाताची युक्ती दुसऱ्या दिवशी सुचली. तांदूळ तासभर भिजवायचे, कुकरची एक शिट्टी घ्यायची, गॅस बंद करून कुकर गोधडीत गच्च गुंडाळायचा आणि गाडी सुरू करायची. पुढच्या मुक्कामी भात तयार, वर गोधडीही उबदार. पिठल्याचं पीठ मात्र घरूनच बांधून आणलेलं: बेसन खमंग भाजून त्यात जिरं, हळद, तिखट, मीठ मिसळायचं. रानात कांदा परतला, पाणी ओतलं, पीठ भुरभुरवलं, की झालं. खरकटी भांडी आधी कागदानं पुसायची, म्हणजे तांब्याभर पाण्यात निघतात. भाकरी थापायला जागा नसते, म्हणून ओल्या फडक्यावर थालीपीठ. एवढ्यावर आम्ही राजासारखे जेवलो.

रविवारी तवंदी घाटाच्या खाली, तंबाखूच्या रिकाम्या रानाकडेला थांबलो. एकच जेवण उरलेलं. कांदा चिरते न चिरते तोच बांधावरून माझी मावशी आली, कमरेवर भला मोठा डबा. जवळच्याच गावात असते ती. कुणीतरी साडीचे पडदे लावलेली गाडी बघून तिला सांगितलेलं.

"माझ्या दारावरनं यिऊन रानात चूल मांडतीस व्हय गं? मावशीच्या घरातलं पीठ सरलंय असं गावाला सांगायचं हाय काय?"

"मावशे, पाया पडते, डबा उघडू नगंस. गाडी जाईल माझी."

सगळी हकिकत सांगितली. तिनं कपाळाला हात लावला. "रस्सा हाय गं कोंबडीचा. लई वाईट मानसं बाई तुझ्या सासरची." पण डबा तिनं तसाच पलंगावर ठेवला आणि कांदा चिरायला माझ्याशेजारी बसली.

थालीपिठं भाजून झाली, पिठलं रटरटायला लागलं, तेवढ्यात दिरांची गाडी आली. साडीच्या पडद्यांची गाडी कुठं दिसली असं विचारत परीक्षा बघायला आलेले, सोबत थोरल्या जाऊबाई. दीर थेट व्हॅनशी गेले, डबा दिसला, झाकण काढलं.

"सांग तिला," ते नवऱ्याला म्हणाले, "हरली म्हणून."

"झाकण तुम्हीच काढलासा की पाव्हणं," मावशी म्हणाली. "आम्ही तर नाकानं वास बी घितला न्हाय."

मी पिठलं उतरवलं, गोधडीतला भात काढला, तव्यावरचं थालीपीठ ताटात टाकलं आणि पहिलं ताट जाऊबाईंच्या हातात दिलं. त्या पलंगाच्या कडेला टेकल्या. तीस वर्षं मी त्यांना ओळखते. बारा माणसांचं रांधून, वाढून, सगळ्यात शेवटी, गार झालेलं, ओट्यापाशी उभ्यानं जेवणारी बाई. आज ताटातून वाफ येत होती आणि वाढायला उठायचं नव्हतं. पहिला घास घेऊन त्या थांबल्या. पाय वर घेऊन मांडी घातली. दुसरं थालीपीठ त्यांनी स्वतःहून मागितलं.

दीर उन्हात उभे होते. "ते काय न्हाय. पाव्हण्यांचा डबा गाडीत घावलाय. सांग तिला, उद्या गिऱ्हाईक येनार म्हंजे येनार."

नवऱ्यानं माझ्याकडे वळायला मान उचलली. त्याआधीच जाऊबाई तोंडातल्या घासासकट, भर रानात, सगळ्यांच्या देखत ओरडल्या:

"गाडी इकलासा तर उद्यापास्नं तुमची भाकरी तुम्हीच थापायची!"