सून उतली

आमच्या सासरची खूण तीन ठिपक्यांची होती. जालन्यात परीट घरोघरच्या कपड्यांवर बिब्ब्यानं खुणा करायचे. बिब्बा टोचायचा, त्याच्या काळ्या तेलात सुई बुडवायची आणि कापडाच्या कोपऱ्यात ठिपके द्यायचे. मग नदीवर कितीही आपटा, खूण जात नाही. सासरे कचेरीत कारकून, निजामाची नोकरी, तेव्हा त्यांची शेरवानी परटाकडं जाणं भागच होतं. पण सासूबाईंचा थाट असा की बायकांची लुगडी-चोळ्यासुद्धा परटाकडंच. "धुणी बडवायला आपन काय रिकाम्या हाव का?" असं त्या शेजारणींना मुद्दाम ऐकवायच्या.

मी पिंपळगाव रेणुकाईची. माहेरी आमची धुणी आम्हीच बडवायचो, त्यामुळं कपड्यांना खूणबिण काही नसायची. नांदायला आले आणि महिन्याभरात माझ्या मानेवर आणि कमरेला पुरळ उठलं. पाणी भरलेले बारीक फोड आणि खाज तर अशी की जीव नको व्हायचा. कडुनिंबाचा पाला झाला, हळद झाली. शेवटी वैद्यबुवा आले. उंबऱ्याबाहेरूनच बघून म्हणाले, "रक्ताचाच दोष आहे. माहेरून आणलेला." वा रे बुवा! नाडीला हात लावला नाही आणि माझ्या अख्ख्या खानदानाचं रक्त तपासून मोकळे!

त्या दिवसापासून माझं ताट वेगळं, गडू वेगळा. शेजारणी येता-जाता दारातून डोकवायच्या, "सुनंला काय झालं हो?" म्हणून विचारायच्या. आमचे 'हे' शिकायला औरंगाबादेला, सांगायचं कुणाला? सासूबाईंनी माझ्या वडलांना सरळ निरोप धाडला: पोर खराब निघाली, येऊन घेऊन जा. माझ्या पाठीवर दोन बहिणी लग्नाच्या. मी असा शिक्का घेऊन परत गेले असते, तर त्यांच्या दारात कोण आलं असतं?

मी खूप रडले. रडून झाल्यावर मात्र मला भयंकर राग आला, आणि रागात माझं डोकं बरं चालतं, हे मी आज आजीबाई झाले तरी अभिमानानं सांगते.

मी महिन्याचे चार दिवस बाजूला बसले होते. तेव्हा नेसायचं लुगडं आणि चोळी निराळी असे. ते कपडे परटाकडं जात नसत, आपले आपणच धुवायचे. माझ्या ध्यानात आलं की या चार दिवसांत खाज उतरायला लागते. मागच्या खेपेलाही उतरली होती. पाचव्या दिवशी न्हाऊन घरातलं लुगडं नेसलं की अंग पुन्हा पेटतं. मी कमरेपाशी खोचलेला कोपरा बाहेर काढून बघितला. तिथं तीन ठिपके. चोळी उलटून बघितली, तर मानेपाशी तीन ठिपके. अगंबाई! म्हणजे हा बिब्बाच की!

तसं बिब्बा उतणं कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही. बिब्बा फोडताना तेल उडालं, तर कुणाकुणाचं अंग सुजून फुटतं, त्यालाच बिब्बा उतणं म्हणतात. पण शंभरदा धुतलेल्या, वाळून खडखडीत झालेल्या ठिपक्यानं कुणी उततं, हे त्या घरात कुणाच्या बापानं ऐकलं नव्हतं. मी हे सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "घरात सगळे तेच कपडे घालून राह्यलेत. कुनाला काही झालं का? बिब्बा नाही उतला, सूनच उतलीय! तोंड बघा कसं चालतंय."

तेवढ्यात माझे वडील, दादा, आले. गाडी दारात सोडली आणि ते ओसरीवर खाली मान घालून बसले. पिंपळगावात चार माणसं ज्यांच्या शब्दाला उठायची, ते माझे दादा! त्यांची ती मान मला बघवली नाही.

मी पदर सावरला आणि बाहेर जाऊन सासऱ्यांसमोर उभी राहिले. बोलायची रीत नव्हती, पण बोलले. "मामंजी, एका जुन्या धोतराच्या दोन चिंध्या काढा. एकीवर खूण असू द्या, दुसरी कोरी. दोन्ही माझ्या दंडांवर बांधा. दोन दिवसांनी सोडा. दोन्हीकडं फोड आले, न्हाईतर कुठंच आले न्हाईत, तर दादासंगं गुमान जाते."

सासूबाई म्हणाल्या, "हिनं सोताच खाजवून घेतलं मंग?"

"तर गाठी तुमीच मारा, आत्याबाई!"

त्यांनी मारल्या, खुणेची चिंधी डाव्या दंडावर, कोरी उजव्या. चांगल्या सात-सात मारल्या, माझे दंड काचेपर्यंत. दोन दिवस दादा ओसरीवरून हलले नाहीत. ताट पुढं आलं की नुसता भात चिवडायचे. पहिल्या दिवशी काहीच नाही. चुकले तर माझ्याबरोबर बहिणींचाही निकाल लागणार होता. दुसऱ्या दिवशी दुपारी डाव्या दंडाला बारीक हुळहुळलं, आणि मग जी आग सुटली! खाज इतकी गोड लागेल असं मला कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

तिसऱ्या सकाळी सासूबाईंनी स्वतः गाठी सोडल्या. उजवा दंड साफ होता. डाव्या दंडावर मात्र खुणेच्या जागी लाल सूज, आणि त्यात फोडांचे तीन पुंजके. सासरे वाकून बघतच राहिले. मग म्हणाले, "बिलकुल बराबर. इतका साफ पुरावा तर आमच्या कचेरीत पन येत न्हाई." दादा उठून भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलताना मला दिसत होते.

सासूबाई तडक आत गेल्या. माफीबिफी त्यांच्या रक्तातच नव्हती. मीही आत गेले, तर त्या कात्री घेऊन बसलेल्या. माझ्या प्रत्येक लुगड्याचा आणि चोळीचा खुणेचा कोपरा त्यांनी कापून काढला. मग पेटी उघडून स्वतःची लुगडी ओढली, अगदी ठेवणीतली, सणाचीसुद्धा, आणि त्यांचेही कोपरे कराकरा कापायला लागल्या.

"अहो आत्याबाई, तुमची कशाला?"

"तुला जवळ घ्यायची म्हनलं तर? तवा काय लुगडं सोडून घिऊ?"

त्यांनी तीळ-खोबरं वाटून माझ्या दंडाला लावलं. संध्याकाळी जेवायला बसलो तेव्हा माझं ताट त्यांच्या ताटाशेजारी होतं. दादांनी त्या दिवशी चार भाकरी खाल्ल्या. पुढं परटाला ताकीद गेली: या घराला बिब्बा नाही, लाल दोऱ्याचा टाका घाला.

दुसऱ्या दिवशी दादांची गाडी एकटीच परत निघाली. तमाशा बघायला जमलेल्या शेजारणींनी दारातून विचारलं, "सुनंला नेलं न्हाई? झालं काय हो तिला?"

सासूबाईंनी माझ्या खांद्यावर हात टाकला आणि गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "काय व्हायचंय? सून उतली माझी! तुमच्या घरी उतती का बघा एखादी अशी!"