शांतानं मळलेलं खाद्य

शेलूबाजारच्या बाजारात सुक्या मासळीचा वास आला, की माझे पाय आजही अडतात.

बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या शेततळ्यात झिंगे होते. मी घासाघीस करून खाद्याचा भाव फारच पाडला, म्हणून व्यापाऱ्यानं ऐन वेळी माल पाठवलाच नाही. झिंगे उपाशी राहिले, की नुकतीच कात टाकलेल्या मऊ झिंग्यांना खाऊन टाकतात. तळं डोळ्यांदेखत रिकामं होत होतं, आणि मी बांधावरून फोनवर त्या माणसाचा उद्धार करत होतो.

"तुमच्या शिव्याईनं झिंग्याईचं पोट भरते काय?" बायको, शांता, म्हणाली. "तिकडे ते एकमेकाले खाऊन राह्यले!"

तिनं सरकीची ढेप भिजवली, कोंडा घातला. मग गळ्यातली तुळशीची माळ काढून बाभळीच्या फांदीला अडकवली आणि सुकी मासळी कुटायला बसली. जिनं घरात कधी अंडं येऊ दिलं नाही, तिचे हात कोपरापर्यंत माखले. मी पाहिलं, आणि पुन्हा फोन लावला.

तिनं मळलेल्या त्या खाद्यावर झिंगे वाचले. व्यापाऱ्याची लबाडी मी गावभर सांगितली. त्याला अजून माफ केलेलं नाही. शांतानं मात्र माळ पुन्हा घातली नाही. विचारलं तेव्हा म्हणाली, "आता कशी घालू मी या हातानं?"

आणि त्याच हातानं तिनं माझ्या ताटात भाकर वाढली.