व्हॉल्व्हकाकांचं लाल फडकं

लांब पेचकस पाइपाला टेकवायचा, त्याची मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. एवढ्यावर व्हॉल्व्हकाका पाइपाचं दुखणं सांगत. सेक्टर सहामधल्या आमच्या ब्लॉकमध्ये ते खाली राहत, मी वर. पोलाद कारखान्यात ते पाइप फिटर होते, मी तिथलाच कारकून. ‘तुमी कागदवाले, तुमाले पाइप काय सांगन?’ असं ते मला ऐकवत. मला राग येई, कारण पाइपानं मला खरंच कधी काही सांगितलं नाही.

त्यांच्या खिशात लाल फडक्याच्या चिंध्या असत. दुरुस्तीसाठी व्हॉल्व्ह बंद केला की त्यावर चिंधी बांधायची. जो बांधेल त्यानंच ती सोडायची, तीही काम पुरं झाल्यावर, कारण पलीकडे कोणाचा तरी हात पाइपात असतो. कारखान्याचा नियमच तो. एकदा ब्लॉकच्या टाकीच्या व्हॉल्व्हला चिंधी बांधून काका नागपूरला लग्नाला निघून गेले. दोन दिवस चार बिऱ्हाडं बादल्या वाहत होती. शिव्या सगळ्यांनी मनसोक्त दिल्या, चिंधीला मात्र कोणी हात लावला नाही.

काकांचा मुलगा नितीन डिप्लोमा करून दोन वर्षं बसून होता. शेवटी गोव्यात पर्यटकांना फिरवणाऱ्या एका शिडाच्या बोटीवर लागला. बोटीतला संडास दर फेरीला तुंबे आणि मालक त्याला सांगे, हात घालून काढ. नितीननं हे फोनवर सहज सांगितलं. काका भरल्या ताटावरून उठले.

‘आमच्या आज्यानं गावची मेलेली ढोरं ओढली,’ ते मला म्हणाले. ‘बापानं ते काम सोडलं म्हून मी फिटर झालो. अन् माहा पोरगा लोकाच्या घाणीत हात घालून राहिला.’ नोकरी सोड म्हणायची सोय नव्हती. दुसरी होती कुठे?

काकांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. तरी नितीनला विचारून विचारून त्यांनी अंगणात तो संडास उभा केला. हातपंप, जुना पाइप, त्यावर एक व्हॉल्व्ह, मैल्याच्या टाकीऐवजी प्लास्टिकचा कॅन आणि त्यातली हवा जायला एक बारीक नळी. दिवसभर चिखलाचं पाणी पंपत बसायचे. त्या नळीचं तोंड अंगठ्यानं दाबलं की पंप जड होई आणि पाणी उलटं येई.

‘टाकीचा श्वास अडकला,’ त्यांनी फोनवर सांगितलं. ‘नळीचं भोक पाह्य.’ नितीननं तारेनं नळीतला मिठाचा गोळा काढला आणि आठवडाभर संडास चालला. काकांनी ब्लॉकभर पेढे वाटले. संडासाचा पेढा मी आयुष्यात पहिल्यांदा खाल्ला.

मग पुन्हा तुंबला. पाइपाच्या आत दगडासारखा थर धरला होता, पाइप बदलल्याशिवाय इलाज नव्हता. ‘नवा येईपर्यंत व्हॉल्व्ह बंद ठेव, फडकं बांध, हात घालू नको,’ असं बजावून काकांनी अंगणातल्या व्हॉल्व्हलाही एक चिंधी बांधली.

चार दिवसांनी फोन आला. ‘नवा पाइप बसला, बाबा.’

‘फोन पंपाजवळ ने. चालव.’

काकांनी फोन कानाला लावून डोळे मिटले. मी शेजारी होतो, मला नुसती घरघर ऐकू आली.

‘हलका चालते ना, बाबा?’

‘हलका चालते. जेवला का?’ काका म्हणाले.

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, ‘झालं ना काका? सोडा आता ती चिंधी.’

‘पाइप तोच हाये,’ ते म्हणाले. ‘पोरगा हात घालूनच राहिला.’

त्यानंतर कोणी बोलावलं तर काका पेचकस सापडत नाही म्हणत. पेचकस खिडकीतच असे.

यंदा उन्हाळ्यात ते गेले. नितीन आला. अंगणातल्या नळावर त्यानं कोपरापर्यंत साबणानं हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले आणि मग बापाच्या पायांना लावले. माझ्यानं ते बघवेना.

तिसऱ्या दिवशी आवराआवर करताना तो त्या व्हॉल्व्हपाशी थांबला. ‘काका, मालकानं बोटीवरचं फडकं चाकूनं कापलं,’ तो मला म्हणाला. ‘बाबाले नाई सांगतलं मी. त्यायले कळलं नाई ना?’

मी नाही म्हणालो. चिंधीकडे गेलेला हात त्यानं मागे घेतला. संध्याकाळच्या गाडीनं तो बोटीवर परत गेला.

चिंधी तशीच आहे. ती बांधणारा आता यायचा नाही, आणि काम अजून व्हायचंच आहे.