‘पडझड’चा दुसरा भाग

पेपरच्या कचेरीतली बातमी दुसऱ्या दिवशी शिळी होते, किस्सा मात्र मुरत जातो. आमच्या जळगावच्या कचेरीतले असे किती मुरून बसलेत, माझं मलाच माहीत नाही. एखादा वर यायला निमित्त लागतं.

परवा भाचा आणि त्याचे मित्र माझ्या घरी बसून वाद घालत होते. लहानपणीच्या कोणत्या व्हिडिओ गेमचा दुसरा भाग निघायलाच पाहिजे होता? कोणी मारामारीचा गेम सांगत होता, कोणी मोटारींचा. मी म्हणालो, “सगळ्यात वर ‘पडझड’ घाला.”

“हा कुठला गेम, मामा?”

झालं, माझं डोकं फिरलं.

*

तेव्हा आमचा पेपर खिळे जुळवून निघायचा. लाकडी खणांतून एकेक अक्षराचा शिशाचा खिळा उचलायचा आणि ओळ लावायची. हे काम धरणगावचे नाना करायचे. त्यांचा हात वाऱ्यासारखा, आणि मी बातमी लिहिता लिहिता फोनवर कोणाशी तरी भांडत असायचो. पहिला कागद जुळवून झाला की आतून नानांची हाळी यायची, “येऊ द्या पान दोन.”

एकदा एक बडे अधिकारी खुलासा द्यायला माझ्यासमोर बसले होते. आतून हाळी आली. ते दचकून म्हणाले, “हे कोण?”

म्हटलं, “माझे साहेब.”

*

मग कॉम्प्युटर आले, आणि त्यांच्याआधी नोटीस आली. हेड ऑफिसचे साहेब परीक्षा घेतील, ज्याला कॉम्प्युटरवर मजकूर टाइप करता येणार नाही त्यानं दिवाळीनंतर कामावर येऊ नये. नाना त्या नोटिशीसमोर इतका वेळ उभे राहिले, की मला वाटलं मुद्रणदोष शोधतायत.

मी नोटीस उपटून संपादकांच्या टेबलावर आपटली. “नोटीस लावलीत, शिकवणी कुठे लावलीत?”

“शिकवणी बजेटमध्ये बसत नाही.”

“आणि नोटीस बसते?”

“नोटिशीला काय लागतं? चार टाचण्या.”

*

पहिल्या दिवशी नाना कॉम्प्युटरसमोर बसले. टाइप करायचं होतं ‘क’. जन्मभर ‘क’चा खण त्यांच्या उजव्या हाताशी. हात आपोआप तिकडेच गेला आणि तिथं ठेवलेल्या संपादकांच्या चहात बुडाला.

संपादक ओरडले, “नाना, काय करताय?”

नाना बोटं पुसत, कपाच्या जागेकडे दाखवत म्हणाले, “साहेब, ‘क’ तर आठेच राहतो ना.”

सगळे हसले. नाना हसले नाहीत. ते आपल्या हाताकडे बघत होते.

*

कॉम्प्युटर जोडायला धुळ्याचा विलास आला होता. कॉलेजातून नुकताच निघालेला, बडबड्या. त्यानं चहाचा प्रकार पाहिला आणि रिकाम्या वेळात नानांसाठी एक गेम बनवला. पडद्यावर वरून मराठी अक्षरं पडायची. जमिनीला टेकायच्या आत तेच बटण दाबायचं. टेकलं की खेळ खलास. दर पायरीला पडायचा वेग वाढायचा. नाव ठेवलं ‘पडझड’.

शेवटची पायरी ओलांडली की काय दिसेल, हे मात्र त्यानं सांगितलं नाही.

संपादकांनी बघितलं आणि भडकले. “कचेरीत खेळ? वय काय तुमचं, नाना?”

मीच उत्तर दिलं. “खेळ कुठला? नोकरी पडतेय वरून. झेलू द्या त्यांना.”

*

नाना एकदा शेवटच्या पायरीवर पोचले आणि लाइट गेली. पडदा काळा. तरी बटणांची टकटक चालूच.

“नाना, लाइट गेली.”

“मालूम शे. अक्षरं थोडीच थांबणार आहेत?”

*

धरणगावला नानांच्या पुतणीचं लग्न होतं, मी गेलो होतो. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडायला लागल्या. शेजारी नाना उभे. बघतो तर धोतरावर त्यांची दहाही बोटं चालू! कपाळाला घाम. मी हळूच त्यांचा हात धरला.

म्हणाले, “भाऊ, झोपेत पण पडतात हो.”

*

शेवटी एका दुपारी नानांनी शेवटची पायरी ओलांडली. पडद्यावर अक्षरं आली: ‘उर्वरित पान दोनवर.’

सगळ्या कचेरीनं टाळ्या वाजवल्या. मी हौसेनं माझी बातमी त्यांच्यापुढे ठेवली. “आता ही टाइप करा.”

नाना कागदाकडे बघत राहिले. कपाळाचा घाम परत आला. “भाऊ, ही तर पडतच नहीत. दाबू काय?”

*

विलास काम संपवून घरी गेला होता. दुसऱ्या दिवशी मी एसटीनं धुळं गाठलं. विलास बॅग भरत होता.

“पान दोन कुठंय?” मी दारातूनच विचारलं.

“अहो, दुसऱ्या भागात अक्षरं नाही, ओळी पडणार होत्या. अख्ख्या ओळी. ते जमलं की कागदावरचा मजकूर कोणालाही जमला असता.”

“होत्या म्हणजे?”

“पुण्याला नोकरी लागली. सोमवारी हजर व्हायचंय.”

सोमवारीच नानांची परीक्षा होती. विलासच्या आईनं चहा केला. मी घेतला नाही.

*

सोमवारी हेड ऑफिसचे साहेब आले. सफारी सूट, हातात घड्याळ काढून घेतलेलं. त्यांनी नानांच्या बाजूला मजकुराचा कागद ठेवला. “करा सुरू.”

नाना कागदाकडे बघतायत. बोटं बटणांवर, पण गोठलेली. साहेब घड्याळाकडे बघतायत. संपादक जमिनीकडे.

मला राहवलं नाही. कागद उचलला, कात्री घेतली आणि एकेक ओळ कापून पट्ट्या केल्या. पहिली पट्टी कॉम्प्युटरच्या डोक्यावर धरली आणि सावकाश खाली आणू लागलो. टकटक सुरू झाली. पट्टी टेबलाला टेकायच्या आत ओळ पडद्यावर. दुसरी पट्टी. तिसरी.

“हा काय प्रकार आहे?” साहेब म्हणाले.

नानांनी मान वळवली नाही. “साहेब, मध्ये बोलू नका. टेकली तर खलास.”

वर धरून धरून माझा हात भरून आला. पट्टी हलली, नानांचं बोट अडखळलं. साहेब उठले. वाटलं, आटोपलं. त्यांनी घड्याळ खिशात टाकलं, उरलेल्या पट्ट्या माझ्या हातातून काढून घेतल्या आणि स्वतः कॉम्प्युटरवर ओणवे झाले.

“हळू आणू की भरभर?”

“आणा तुम्ही,” नाना म्हणाले.

साहेबांनी आणली. मग पुढची. मग जरा भरभर. संपादक खुर्ची सोडून बघायला आले. शेवटची पट्टी टेबलाजवळ आली, तिच्या आधी टकटक थांबली. साहेबांचा हात रिकामा, हवेत तसाच.

नाना नजर वरच ठेवून म्हणाले, “येऊ द्या पान दोन.”